सगळी पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा

मे महिन्याचा पहिला मंगळवार जागतिक दमा दिन म्हणून पाळला जातो. नागपुरात हा दिवस अगदी मोक्याच्या वेळी येतो. नंदनवनच्या गल्लीगल्लीत तोवर कूलर लागलेले असतात. वर्षभर धूळ खात पडलेला कूलर, कुठे टट्टे बदललेले, कुठे मागच्याच वर्षीचे. त्याचा ओलसर, कुबट झोत रात्रभर अंगावर आला की घरातल्या दमेकऱ्याचा खोकला सुरू होतो. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या कचरा डेपोने पेट घेतला, तर धुराची भर पडते. मग सकाळी मुलगा नाहीतर सून डॉक्टरांना फोन लावते, "आईला रात्री धाप लागली होती, काय देऊ?"

फोनवर विचारू नका. आईला घेऊन जा आणि घरातल्या औषधांची सगळी पिशवी सोबत न्या.

माझ्या आईची पिशवी छातीच्या डॉक्टरांनी टेबलावर रिकामी केली, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. दोन पंप निघाले. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या निघाल्या. दम्यावर म्हणून कोजागिरीच्या खिरीतून घ्यायची, कुणीतरी दिलेली पुडी निघाली. डॉक्टरांनी मात्र आधी उचलली ती डोळ्यांत टाकायच्या थेंबांची इवलीशी बाटली. चष्मा वर करून त्यांनी बारीक अक्षरं वाचली : टिमोलोल.

काचबिंदूवरचं हे चांगलं, जुनं औषध आहे. पण डोळ्यात टाकलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतो. रक्तदाबासाठी किंवा हात थरथरतात म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलचंही तेच. दुखण्याच्या काही गोळ्यांनीही काही दमेकऱ्यांची धाप एकाएकी वाढते. डॉक्टरांनी आईला बजावलं, "थेंब मनानं बंद करू नका, डोळा जाईल. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून बदलून घ्या."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, दमा आहे का? आईनं सांगितलं होतं, "नाही, थोडी ॲलर्जी आहे." आपल्याकडे हे घरोघरी चालतं. लग्नाच्या मुलीचा पंप पर्समध्ये दडवतात, पाहुणे आले की आजोबांचा पंप कपाटात जातो. लाजेपायी लपवलेला आजार डॉक्टरांपासूनही लपतो, आणि त्याची किंमत छातीला मोजावी लागते. याची मला मनापासून चीड येते.

त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "आई, आता पंप घेऊन दाखवा." आईनं तोंड उघडलं, पंप दाबला आणि औषधाचा पांढरा फवारा ओठांच्या कडेनं बाहेर निघून गेला. महिनोन्‌महिने औषध असं हवेत जात होतं, आणि आम्ही समजत होतो की ते लागू पडत नाही. डॉक्टरांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, एकदाच दाबायचं, सावकाश आत ओढायचं आणि जमेल तर दहा आकडे होईपर्यंत श्वास रोखायचा. आईकडून त्यांनी तीनदा करून घेतलं.

पंपाची सवय लागते, गोळी बरी, असं अजूनही सर्रास ऐकू येतं. हिशेब करून बघा. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते, पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे गोळीतून चाळीसपट औषध अख्ख्या शरीरात फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं. स्टिरॉइडच्या पंपाचीही धास्ती नको. घेतल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंड येत नाही. उलट नुसत्या साल्ब्युटामॉलवर दिवस काढणं धोक्याचं. दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या 'जिना' या संस्थेनं २०१९ पासून तसं स्पष्ट सांगितलं आहे. तो पंप तेवढ्यापुरता आराम देतो, श्वासनलिकेची सूज मात्र तशीच राहते. म्हणून डॉक्टरांना नक्की विचारा : रोजचा पंप कोणता, अडीअडचणीचा कोणता, आणि त्रास वाढला तर घरी काय करायचं? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

कोजागिरीच्या पुडीत काय आहे, हे देणाऱ्याला विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका, आणि तिच्या भरवशावर पंप तर मुळीच सोडू नका.

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. नंदनवनहून मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जवळ आहे, तिथं दिवसरात्र डॉक्टर असतात. घरी गाडी नसेल तर १०८ लावा, ती रुग्णवाहिका मोफत आहे.