डॉलरचा व्यापार आणि चीजची बेक भाजी



या महिन्यात एकाच घरातून दोन प्रश्न आले. देवरीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीने विचारले, "आपा, मोबाईलवर डॉलर घ्यायचे-विकायचे शिकवतात. करू का?" आणि मुलीने विचारले, "आपल्याकडे ओव्हन नाही, तरी चीज घातलेली बेक भाजी होईल का?" पहिला प्रश्न आधी घेते. त्यात मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी जमवलेले 40,000 रुपये पणाला लागणार होते.

चलनाचा व्यापार म्हणजे एक चलन देऊन दुसरे घेणे आणि भाव बदलला की उलटा व्यवहार करणे. ज्यांच्या घरचे कोणी सौदीत आहे त्यांना याची थोडी ओळख आहेच. रियाल 1986 पासून डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला 3.75 रियाल. त्यामुळे रुपया डॉलरसमोर घसरला की तिकडून आलेल्या रियालचे इथे जास्त रुपये होतात. पगार घरी पाठवणे, हजसाठी रियाल घेणे, मुलाची परदेशातली फी भरणे ही गरजेची देवाणघेवाण झाली. ती बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून होते, त्यात काही वावगे नाही.

मोबाईलवरचे प्रकरण वेगळे आहे. तिथे डॉलर कोणाला नकोच असतात, फक्त भावावर पैसे लावायचे असतात. आणि लावायचे तेही उसन्या ताकदीवर. समजा, ॲप म्हणते, "10,000 रुपये भरा, आम्ही 500 पट सौदा करू देतो." म्हणजे सौदा झाला 50 लाखांचा. 50 लाखांचे 0.2 टक्के म्हणजे बरोबर 10,000. डॉलर 85 रुपये धरला तर त्याचे 0.2 टक्के होतात 17 पैसे. भाव 17 पैसे उलटा फिरला की तुमचे सगळे पैसे संपले. चहा उकळेपर्यंत एवढा फरक पडू शकतो.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे 1999 चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा आहे, त्याला फेमा म्हणतात. त्यानुसार चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तींशी आणि परवानगी असलेल्या कामासाठीच करता येतो. ऑनलाईन करायचा तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या मंचावर किंवा एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त बाजारातच. एनएसईवर डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट 2008 मध्ये सुरू झाले. एक सौदा 1000 डॉलरचा असतो. ते मुळात कोणासाठी? परदेशात तांदूळ पाठवणाऱ्या किंवा बाहेरून यंत्र मागवणाऱ्या व्यापाऱ्यासाठी, म्हणजे भाव बदलला तरी त्याचा धंदा बुडू नये. जानेवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने पुन्हा स्पष्ट केले की रुपयाचा असा सौदा करणाऱ्याकडे चलनाची खरी जोखीम असली पाहिजे. गृहिणीकडे किंवा माझ्यासारख्या मास्तरणीकडे ती कुठून येणार?

सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना नसलेल्या चलन मंचांची सावधानतेची यादी काढली. पहिल्या यादीत 34 नावे होती, पुढे ती वाढत गेली. यादी बँकेच्या वेबसाईटवर आहे. पण एक लक्षात ठेवा : यादीत नाव नाही म्हणून ॲप चांगले, असे समजू नका. रोज नवी नावे निघतात. यादीबरोबर अधिकृत मंचांची नावेही तिथे दिलेली आहेत, ती बघा. फेमा मोडला तर गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, आणि तो पैसे पाठवणाऱ्यालाच होतो.

त्या बहिणीला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून ॲप मिळाले होते. 5,000 रुपये भरल्यावर आठवडाभरात स्क्रीनवर 11,000 दिसू लागले. तिने 500 काढून पाहिले, ते खात्यात आलेसुद्धा. आता "सर" सांगत होते, 40,000 भरा म्हणजे मोठा फायदा. हीच ती जागा जिथे माणूस फसतो. थोडे परत मिळाले की भरवसा बसतो. पुढे मोठी रक्कम काढायला गेले की "आधी टॅक्स भरा", "आधी शुल्क भरा" सुरू होते. स्क्रीनवरचा आकडा हा त्यांनीच लिहिलेला आकडा असतो.

आपल्या गोंदियाचे नाव जुलै 2023 मध्ये देशभर गाजले ते अशाच कारणाने. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाईन जुगाराच्या ॲपवर 58 कोटींची फसवणूक झाल्याची तक्रार होती, आणि पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने-चांदी जप्त केली. तिथे जुगार होता, इथे डॉलर आहे. पण स्क्रीन कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

आपल्या घरांसाठी आणखी एक गळ असतो : "हलाल". बेंगळुरूच्या आयएमए कंपनीने सूद नाही, नफ्यात वाटा आहे, असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेतले. जून 2019 मध्ये मालक देश सोडून पळाला. विधवांचे, लग्नाला ठेवलेले, हजसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. आता चलनाच्या ॲपवर "इस्लामिक खाते, रात्रीचे व्याज नाही" अशी जाहिरात येते. व्याज काढले तरी बाकीचे प्रश्न राहतात. चलनाच्या अदलाबदलीत दोन्ही बाजूंनी त्याच बैठकीत देणे-घेणे पूर्ण व्हावे, उधारी नसावी, ही अट हदीसमधून येते. उसन्या पैशावरचा, हातात काहीच न येणारा सौदा त्यात बसवणे अवघड आहे, असे बहुतेक उलमा सांगतात. तरीही शंका असेल तर आपल्या मुफ्ती साहेबांना ॲपचे सगळे नियम दाखवून विचारा. जाहिरातीतला फतवा पुरेसा नाही.

"पण आपा, कमावणारेही असतीलच ना?" असतील. शेअर बाजारातल्या फ्युचर-ऑप्शनबद्दल सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 100 पैकी 93 व्यक्तिगत व्यापाऱ्यांचा तोटा झाला. तो तर परवाना असलेला, देखरेखीखालचा बाजार! फीचे पैसे हे भांडवल नव्हे. ते मुलीची अमानत आहे.

मी त्या बहिणीला तीन गोष्टी सांगितल्या. एक, आणखी एक रुपयाही पाठवू नका. दोन, ॲपचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, 1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखता येण्याची शक्यता जास्त. तीन, घरच्यांपासून लपवू नका. तिने फोन केला. गेलेले 4,500 परत येतील की नाही, अल्लाह जाणे. 40,000 मात्र बँकेत आहेत.

आता मुलीची बेक भाजी, पाच जणांसाठी.

साहित्य : फुलकोबी पाव किलो, गाजर 2, बटाटे 2, फरसबी मूठभर, मटार 1 वाटी, लोणी 3 मोठे चमचे, मैदा 3 मोठे चमचे, दूध अर्धा लिटर, चीज 100 ग्रॅम, मिरपूड, मीठ, चिमूटभर जायफळ.

चीज घेताना पाकीट वाचा. हिरवा ठिपका असेल तर दूध फाडायला वापरलेले रेनेट जनावराचे नाही. "ॲनालॉग" लिहिले असेल तर ते खरे चीज नव्हे, त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी बहुधा वनस्पती तेल असते.

भाज्या चिरून मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवा आणि पाणी पूर्ण निथळू द्या. पाणी राहिले तर सगळे पातळ होते. मंद आचेवर लोणी वितळवून मैदा दोन मिनिटे परता, रंग बदलू देऊ नका. खाली उतरवून कोमट दूध थोडे थोडे घालत ढवळा, मग पुन्हा आचेवर ठेवून दाट करा. मीठ, मिरपूड, जायफळ आणि अर्धे चीज घाला. मीठ बेताने, चीज खारट असते. भाज्या मिसळून लोणी लावलेल्या स्टीलच्या डब्यात भरा, वर उरलेले चीज किसून घाला.

ओव्हन असेल तर 180 अंशांवर 20 ते 25 मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्या, वर जाळी ठेवा, झाकून 10 मिनिटे तापवा. मग डबा ठेवून मंद आचेवर अर्धा तास. वरचा लालसर रंग हवा असेल तर शेवटी खूप तापवलेला तवा डब्यावर दोन मिनिटे झाकणासारखा धरा. पोळीबरोबरही चालते, सांबार बारीक चिरून वर घाला.

पुढच्या महिन्यात शाळेच्या डब्याबद्दल लिहीन, इन्शाअल्लाह. तोवर घरातल्या कोणाच्या मोबाईलवर असे "सर" आले असतील तर आज रात्री जेवताना विषय काढा.