नंबरातला स्वल्पविराम

आपल्या घरातली ज्येष्ठ मंडळी आता व्हिडिओ कॉल सहज करतात. अडतात ती 'हिंदीसाठी एक दाबा' इथे. फोन कानाला लावला तर बटणं दिसत नाहीत, कानापासून काढला तर पुढचं ऐकू येत नाही. तोवर समोरचं यंत्र फोन ठेवून देतं. मी मोबाइलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून यावरचा एक जुना इलाज सांगतो: नंबरातच स्वल्पविराम घाला.

लांबलचक नंबर फोन एकसंध वाचत नाही. पहिला स्वल्पविराम दिसला की तिथे त्याचे दोन तुकडे करतो. पहिला नेटवर्कला देतो, कारण फोन कुणाला लावायचा एवढंच नेटवर्कला हवं असतं. देशाच्या कोडसकट हा भाग १५ आकड्यांच्या वर जात नाही. दुसरा तुकडा फोन स्वतःजवळ ठेवतो आणि समोरून कॉल उचलला गेल्यावर एकेक आकडा सूर म्हणून पाठवतो. प्रत्येक बटण म्हणजे दोन सुरांची जोडी: ५ म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ एकदम. ही पद्धत अमेरिकेत १९६३ साली ग्राहकांपर्यंत पोचली आणि यंत्रं आजही तीच भाषा समजतात. गंमत म्हणजे जीएसएम मोबाइल हे सूर स्वतः गातच नाही. आवाज दाबून लहान करताना ते बिघडतील, म्हणून तो 'पाच सुरू, पाच बंद' असा निरोप धाडतो आणि सूर नेटवर्क वाजवतं.

एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा. यंत्राचं स्वागत लांबलं तर दोन-तीन सलग द्या. अर्धविराम दिलात तर फोन थांबतो आणि पुढचे आकडे पाठवू का, असं विचारतो.

काकांच्या डायलिसिसची वेळ बदलली की मावशीला बडोद्यातल्या एका रुग्णालयात फोन करावा लागतो. तिच्यासाठी नंबर असा ठेवला: मूळ नंबर, तीन स्वल्पविराम, भाषेसाठी २, दोन स्वल्पविराम, विभागासाठी ४. (मराठीचा पर्याय नाहीच. २ म्हणजे गुजराती, आणि मावशीचं गुजराती माझ्यापेक्षा फर्डं आहे.) आता ती फक्त नावावर बोट ठेवते. अर्धविराम मुद्दाम टाळला; आणखी एक प्रश्न तिला नको होता.

असा नंबर सिमवर ठेवू नका. सिमच्या एका नोंदीत २० आकडेच मावतात, पुढचे वेगळ्या जोडनोंदीत जातात आणि फोन बदलताना हे शेपूट तुटू शकतं. रुग्णालयाने मेनू बदलला तर हाच नंबर बिनदिक्कत भलत्या विभागात नेईल, म्हणून साधा नंबरही वेगळा असू द्या. बँकेचा पिन मात्र यात कधीच लिहू नका. कॉन्टॅक्ट एका क्षणात दुसऱ्याला पाठवला जातो.

अँड्रॉइडवर नंबर टाइप केल्यावर डायलरच्या तीन टिंबांच्या मेनूत हे थांबे सापडतील. आयफोनवर कॉन्टॅक्ट लिहिताना चिन्हांची कळ दाबा, तिथे 'पॉज' आणि 'वेट' दिसतील.