'स्वमत' गाईडमध्ये मिळत नाही



दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत 'स्वमत' विचारतात. स्व म्हणजे स्वतःचं. पण चाळीस वह्या तपासायला घ्या, बहुतेकांत एकच मत, तेही गाईडमधलं. मुलं आळशी नाहीत हो! मत बनवायचं तर आधी वाचलेलं तपासता यायला हवं, आणि त्यासाठी वेळापत्रकात तास नसतो.

धडा मात्र आपल्या गावातच आहे. १५ जून २०२५, रविवार. इंदुरीजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. दुसऱ्याच दिवशी शाळा उघडल्या. पहिल्या काही तासांत मृतांचा आकडा कुठे सहा होता, तर कुठे दोन. शेवटी चार जणांचा मृत्यू झाल्याचं स्पष्ट झालं. अशा वेळी मोबाईलवर पहिलाच आकडा फिरत राहतो.

अशी बातमी वर्गात घ्या. व्हिडिओ नको, कुणाच्या तरी घरातलं ते दुःख आहे. फक्त मजकूर घ्या आणि चार प्रश्न विचारा: हे कोण सांगतंय? कधी सांगितलं? त्याला कसं कळलं? काय सांगायचं राहिलं?

इथे व्याकरणही कामाला येतं. 'पूल कोसळला' या वाक्यात पूलच कर्ता, जणू तो आपणहून पडला. 'फलक लावला होता' हा कर्मणी प्रयोग, पण कर्ता वाक्यात नाहीच. मग मुलंच विचारतात, "सर, देखभाल कोणाकडे होती? फलक कोणी लावला? लांबून दिसायचा का?" वाक्यं खोटी नाहीत, अपुरी आहेत. हे ज्याला कळलं, त्याला 'प्रयोग ओळखा' कशासाठी असतं तेही कळलं.

मग लिहायला द्या. निबंध नको, ग्रामपंचायतीला दहा ओळींचं पत्र: आपल्या वाटेवरच्या साकवाची किंवा पुलाची पाहणी करा. अट एवढीच, की प्रत्येक विधानाला आधार हवा. स्वतः पाहिलं असेल तर 'पाहिलं', ऐकलं असेल तर 'ऐकलं' असं लिहायचं. 'भयंकर अवस्था' चालणार नाही. कठडा कुठे तुटलाय ते सांगायचं. तपासताना ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा कराच, पण समासात एक शब्दही लिहा: 'कशावरून?'

"पण मार्कांचं काय?" असं पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. अपठित उतारा गाईडमध्ये सापडत नाही. तिथे पाठांतर संपतं आणि वाचायची सवयच उपयोगी पडते. पत्रलेखन तर परीक्षेत असतंच.

पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणं. घरच्या ग्रुपवर एखादा मेसेज आला, की पुढे ढकलण्याआधी मुलांसमोर मोठ्याने विचारा, "हे कुणी सांगितलं?" उत्तर सापडलं नाही, तर तो मेसेज पुढे पाठवू नका. मूल ते बघत असतं.