पक्क्या दातांचे कच्चे अंदाजपत्रक

पुण्यात साठी ओलांडलेल्या माणसावर हल्ली दोन धंद्यांचा डोळा असतो. एक गुडघे बदलणाऱ्यांचा, दुसरा दात बसवणाऱ्यांचा. गुडघेवाले निदान इस्पितळाच्या आत बसून वाट बघतात. दातवाले चौकात उभे आहेत. ‘तीन दिवसांत पक्के दात! कवळीला कायमचा रामराम!’ फलकावरचे आजोबा मक्याचे कणीस ओरबाडताहेत, शेजारची आजी दातांनी ऊस सोलते आहे. सत्तरीतली माणसे, दात मात्र पंचविशीतल्या नटाचे. आणि एवढे कणीस खाऊनही आजोबांच्या दातात एक दाणा अडकलेला नाही. ज्यांना दात आहेत त्यांनाच यातला खोटेपणा कळेल. ज्यांना नाहीत त्यांच्यासाठीच तर तो फलक आहे.

मला नाहीत. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह या दोघांनी मिळून माझ्या तोंडातले सगळे दात नेले. नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके तपासण्यात गेली. त्यामुळे कोणी कागद पुढे केला की मी शेवटचा आकडा वाचत नाही, मधल्या ओळी वाचतो. दातांच्या दवाखान्यांनी मला जे कागद दिले त्यांना मधल्या ओळीच नव्हत्या. वर ‘फुल माउथ रिहॅबिलिटेशन’, खाली साडेपाच लाख, त्याखाली गणेशोत्सवाची खास सवलत. जबड्याच्या हाडात रुतवायचे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, कोणत्या कंपनीचे, किती, कुठे बसणार? त्यावरचे दात अॅक्रिलिकचे की झिर्कोनियाचे? हाड कमी पडले तर भर घालायचा खर्च यात आहे की वेगळा? शस्त्रक्रिया करणार कोण, हे समोर बसलेले डॉक्टर की शनिवारी मुंबईहून येणारे कोणी? आणि एखादा स्क्रू धरलाच नाही तर पुढे काय? यातले एकही उत्तर कागदावर नव्हते. घाटातल्या रस्त्याच्या कंत्राटालासुद्धा दोषदायित्वाचा कालावधी असतो. खड्डा पडला तर ठेकेदाराने पदरच्या पैशाने बुजवायचा. माझ्या जबड्याला तेवढाही मान नाही.

‘लाइफटाइम गॅरंटी’ मात्र तोंडी मिळते. कोणाचे लाइफटाइम, असे मी विचारले. माझे, दवाखान्याचे की त्या डॉक्टरांच्या पुण्यातल्या मुक्कामाचे? काउन्सेलर मुलगी गोड हसली. (पहिला तासभर डॉक्टर दिसतच नाहीत, काउन्सेलर दिसते. तिला दातांतले काही कळत नाही, हप्त्यांतले सगळे कळते.) खोदून विचारल्यावर निघाले ते एवढेच की हमी कंपनीची आहे आणि ती स्क्रूपुरती आहे. तो निकामी झाला तर कंपनी टायटॅनियमचा नवा तुकडा देईल. जुना काढण्याची, हाड भरून येण्याची वाट बघण्याची आणि पुन्हा हिरडी फाडण्याची हमी कोणाचीच नाही. ते काम माझ्या खिशातून आणि माझ्याच तोंडात व्हायचे आहे.

या विद्येचा जन्म कसा झाला ते एकदा बघा, म्हणजे तिची आपण काय दशा केली ते कळेल. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ साली लुंड इथे सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटून वाढले होते. दुसरा कोणी असता तर महिनाभरात जाहिरात केली असती. ब्रोनेमार्क यांनी माणसाला हात लावला तो १९६५ मध्ये, गोथेनबर्गला. योस्टा लार्सन नावाचा, जन्मतःच जबडा सदोष असलेला रुग्ण होता. त्याच्या जबड्यात बसवलेले स्क्रू तो २००६ साली वारला तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, टिकले. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने ब्रोनेमार्कना लगेच डोक्यावर घेतले नाही. १९८२ च्या टोरोंटोच्या परिषदेनंतर कुठे बाकीचे देश हलले. सशापासून टोरोंटोपर्यंत तीस वर्षे लागली. आणि इथे मला तीन दिवस सांगताहेत.

हाड टायटॅनियमला धरते ते त्याच्या गतीने. स्क्रू हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात तीन आणि वरच्यात सहा महिने थांबायचे, ही जुनी शिस्त. नव्या खडबडीत पृष्ठभागाच्या स्क्रूंमुळे हा काळ कमी झाला, हे खरे. पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकात चार स्क्रूंवर आख्खा जबडा पेलण्याची रीत बसवली, पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन तिरपे, हेही खरे. त्या रीतीत त्याच दिवशी दात बसतात. पण कोणते? तात्पुरते, अॅक्रिलिकचे. तेही स्क्रू ठरावीक ताकदीने घट्ट बसले तरच. मग काही महिने मऊ जेवण, तपासण्या आणि त्यानंतर खरे, कायमचे दात. आमच्या फलकांनी या रीतीतला ‘त्याच दिवशी’ एवढा तुकडा उचलला आणि ‘तात्पुरते’ हा शब्द गिळला. ऊस तर तिथे पहिल्या दिवशी कोणी हातातही धरू देत नाही.

तीन दिवसांच्या जाहिरातींमागे बऱ्याचदा याहून वेगळाच प्रकार असतो. जबड्याच्या बाहेरच्या कडक हाडात रुतवायचे लांब, एकसंध स्क्रू. आठ-दहा ठोकायचे आणि वरून पट्टी जोडून टाकायची. याने कोणाचेच भले झाले नाही असे मी म्हणणार नाही. पण नेहमीच्या इम्प्लांटमागे स्वतंत्र संशोधकांनी केलेला जितका दीर्घकाळचा अभ्यास आहे तितका याच्यामागे नाही, हे रुग्णाला खुर्चीत बसवण्याआधी सांगायला नको? मला कोणी सांगितले नाही. माझ्या मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी किती, हेही एका ठिकाणी कोणी विचारले नाही. तंबाखू? मिश्री? हाडे ठिसूळ झाली म्हणून बायका आठवड्याला जी गोळी घेतात, ती घेणाऱ्यांच्या जबड्याचे हाड अशा शस्त्रक्रियेनंतर कुजू शकते, त्याची चौकशी? एवढे सगळे विचारत बसले तर गिऱ्हाईक उठून जाईल ना.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो.

वरची कवळी टाळूला चिकटून बसते. नीट केलेली असेल तर ती सहसा त्रास देत नाही. रडवते ती खालची. तिला टाळू नाही, मध्ये जीभ आहे, ती सतत ढकलते. शिवाय दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्याच्या सुमारे चौपट वेगाने झिजते. कवळीला बसायला उंचवटाच उरत नाही. भाकरीचा घास घेतला की कवळी उचलते, बोलताना खडखडते, लग्नाच्या पंगतीत माणूस नुसता वरण-भात चिवडत बसतो. हे दुःख खरे आहे. आणि त्यावर साधा उपाय आहे: खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन स्क्रू आणि त्यांवर बटणासारखी टक्कन बसणारी काढ-घालीची कवळी. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगून टाकले की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच उपचाराची पहिली निवड असावी. दोन स्क्रू. आठ नव्हे, दहा नव्हे.

हा पर्याय मला एकाही फलकावर दिसला नाही, एकाही काउन्सेलरच्या तोंडून ऐकू आला नाही. मीच काढला तेव्हा उत्तर मिळाले, “काका, ते जुनं झालं. तुमच्यासारख्यांनी प्रीमियमच करायचं.” माझ्यासारख्यांनी म्हणजे कोणी? ज्यांचे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते त्यांनी. वर साधी कवळी आणि खाली दोन स्क्रू धरून मला सव्वा लाखाच्या आतला आकडा मिळाला. साडेपाच लाख आणि सव्वा लाख यांच्यातल्या फरकावर चौकातला तो फलक उभा आहे.

याहून वाईट आहे ते चांगले दात उपटणे. ‘फुल आर्च’चे, म्हणजे आख्ख्या जबड्याचे, पॅकेज घ्यायचे तर जबडा मोकळा लागतो. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे खालचे सहा दात घट्ट होते. त्यांच्या आधाराने उत्तम अर्धी कवळी झाली असती. मुलाने न्यू जर्सीहून पैसे पाठवले, आईला म्हणाला, “आता कंजूषपणा करू नकोस.” (परदेशातल्या मुलांना फोनपेक्षा बँक ट्रान्सफर सोपा जातो.) सहाही दात काढले. आता बाईंना पक्के दात आहेत आणि त्यांखालून पू येतो.

तो का येतो, हेही कोणी आधी सांगत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे अगदी बरोबर. पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जंतूंचा संसर्ग होतो आणि हाड झिजत जाते. हिरड्यांच्या आजाराने ज्यांचे दात गेले त्यांना हा धोका अधिक, म्हणजे ज्यांना हा माल विकला जातो त्यांतल्या कितीतरी जणांना. बरे, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. लक्षात येईपर्यंत बरेचसे हाड गेलेले असते. म्हणून पट्टीच्या खाली बारीक ब्रश फिरवायचा, पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचे, ठरल्या वेळी दवाखान्यात जाऊन साफ करून घ्यायचे. मरेपर्यंत. आज मी हे करीन. पंच्याऐंशीव्या वर्षी हात थरथरायला लागले, किंवा स्मृती गेली आणि शेजारी मावशी ठेवल्या, तेव्हा कोण करील? काढ-घालीची कवळी मावशी नळाखाली धरून धुतील. जबड्यात स्क्रूने आवळलेल्या पट्टीखाली त्या काय करणार? मला ज्या वृद्धाश्रमांची माहिती आहे तिथे रात्री तोंड धुऊन देणारे माणूस मिळायची मारामार. म्हातारपण पुढे वाढत जाणार आहे, हे म्हाताऱ्यांसाठीच्या या पॅकेजमध्ये कुठेच धरलेले नाही.

कायदा काय करतो? दंतपरिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण ओढण्यासाठी जाहिरातबाजी करणे अनैतिक आहे. फलक त्यानंतर वाढले. १९४८ चा दंतवैद्यक कायदा बाजूला सारून २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा झाला. फलक जागेवर आहेत. पाटीवर ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ लिहिलेले असते. आपल्याकडे या नावाची वेगळी एमडीएस पदवीच नाही. कृत्रिम दातांचे, हिरड्यांचे किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचे एमडीएस तीन वर्षे घासून हे शिकतात. काही जण मात्र हॉटेलातल्या दोन दिवसांच्या शिबिरातून प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. रुग्णाला दोन्ही चौकटी सारख्याच दिसतात.

सरकारला म्हाताऱ्यांचे दात आठवत नाहीत असे नाही. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांच्या जोडीला कवळीही आहे. पण काठी व्यासपीठावरून वाटता येते, कवळी येत नाही. तिला माप लागते, चावा जुळवावा लागतो, मेणात दात लावून बघावे लागतात, घासून घासून बसवावी लागते. फोटोत यायला ती गैरसोयीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साठीपुढच्या शंभरांतल्या तेवीस जणांच्या तोंडात एकही दात नाही. एवढ्या माणसांना साडेपाच लाखांचे पॅकेज हे उत्तर असूच शकत नाही. मेडिक्लेम तर अपघात नसेल तर दातांकडे ढुंकून बघत नाही. मग दवाखाने ‘नो कॉस्ट ईएमआय’ काढतात.

इम्प्लांट वाईट, असे मी म्हणतच नाही. तंबाखूच्या कर्करोगात ज्याचा अर्धा जबडा काढला आहे, ज्याला टाळूला काही लागले की उलटी येते, त्याच्यासाठी ते वरदान आहे. पैसा असेल, हाड असेल, साखर ताब्यात असेल आणि निगा राखायची तयारी असेल, तर खुशाल पक्के दात बसवा. पण आधी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, नाहीतर मुंबईच्या नायरला एक चक्कर मारा. तिथली शिकाऊ मुले कवळीला चार-पाच बैठका देतात, कारण पुढ्यात परीक्षक असतो. मग चौकातल्या दवाखान्यात जा आणि सगळे कागदावर मागा. स्क्रूची कंपनी, पाकिटावरचा बॅच नंबर, दात तात्पुरते की कायमचे, शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी, स्क्रू फसला तर खर्च कोणाचा. कागद मिळाला नाही तर उठा. आणि खालच्या जबड्याला दोन स्क्रू पुरतील, हे ज्याने आपणहून सांगितले नाही, त्याच्या खुर्चीत तोंड उघडू नका.