कानाझावा आणि पासचं खूळ

टोकियोहून कानाझावाला जायचं म्हटलं की आपली आयटीतली मंडळी हमखास सांगतात, "जेआर पास काढ!" अहो, ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. शिनकानसेनचं जाऊन-येऊन तिकीट साधारण २८,०००. बाकी कुठे लांब जाणार नसाल तर बावीस हजार येन कशाला उधळताय राव?

विमानवाले तर त्याहून थोर. हानेदा ते कोमात्सू एक तास, मान्य. पण सिक्युरिटीची रांग आणि कोमात्सूहून बसची चाळीसेक मिनिटं कोण मोजणार? ट्रेन अडीच-तीन तासांत गावात सोडते. रात्रीची बस स्वस्त... पाठ असेल तर!

ओसाकावाल्यांची मात्र खरी पंचाईत. मार्च २०२४ पासून थंडरबर्ड त्सुरुगालाच संपते, तिथे बॅगा उचलून गाडी बदला. याला म्हणे प्रगती!