सागरपुत्रांना आधी विचारले असते तर…

ज्या मुंबादेवीवरून या महानगराला नाव मिळाले, ती कोळी समाजाची आराध्य देवता. त्याच समाजाला आपल्या होड्यांच्या वाटेसाठी वरळीत वर्षानुवर्षे झगडावे लागले, याची जाणीव शेजारच्या दादर-परळच्या सुशिक्षित घरांतही फारशी नाही.

सागरी किनारा मार्ग वांद्रे-वरळी सेतूला जोडताना क्लीव्हलँड बंदरासमोर पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले. नकाशावर ते पुरेसे दिसत होते. कोळ्यांचे म्हणणे निराळे होते. उधाणात, वाऱ्याच्या माऱ्यात होडी सरळ रेषेत चालत नाही. एखादी लाट तिला खांबावर आपटू शकते. त्यांनी १६० मीटरांचा आग्रह धरला, प्रसंगी समुद्रातले काम रोखले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर अंतर मान्य झाले. जे प्रारंभीच विचारून कळले असते, ते संघर्षानंतर कळले.

हा प्रश्न केवळ खांबांचा नाही. लहान होडीचा धनी खोल समुद्रात जाऊ शकत नाही. किनाऱ्यालगतची मासळी, खडकांतली कालवे आणि खेकडे हाच त्याचा आधार. भराव आणि नाल्यांचे सांडपाणी यांनी तोच आक्रसत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुकवलेले बोंबील आणि बाजारात पाटी घेऊन बसणारी कोळीण घर सावरते. २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ जहाजातून तेल सांडले, तेव्हा गिऱ्हाइकांनी भीतीपोटी मासळीकडे पाठ फिरवली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा तडाखा बसला. एकेका आघातातून सावरताना कर्ज वाढते आणि पुढची पिढी दर्याकडे पाठ फिरवते.

महानगराला रस्ते हवेत, याविषयी दुमत नाही. परंतु एकरकमी भरपाई वर्षभरात संपते. गेलेले मासेमारीचे क्षेत्र परत येत नाही. म्हणून कोळीवाड्यांच्या सीमा, होड्या लावण्याच्या आणि जाळी वाळविण्याच्या जागा यांची सरकारदरबारी पक्की नोंद हवी, आणि किनाऱ्यावरील प्रत्येक योजनेत आराखड्यापूर्वीच मच्छीमार सहकारी संस्थांचे मत घेतले जावे.

नोव्हेंबर २००८ मध्ये कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी दहशतवादी उतरले, तेव्हा त्यांना प्रथम हटकले ते तिथल्या कोळी बांधवांनीच. किनाऱ्याचा हा जागता पहारेकरी किनाऱ्यावरूनच हद्दपार झाला, तर हानी एकट्या कोळीवाड्याची होणार नाही.