नोकरी सांभाळून

२०२५ मध्ये सोमवारी, १८ ऑगस्टला, मुंबई-ठाणे पाण्यात होते. दुसऱ्या दिवशी मध्य रेल्वे बंद पडली, मोनोरेल अधांतरी अडकली, आणि त्या पावसाच्या धबडग्यात नट अच्युत पोतदार यांचे ठाण्यातल्या रुग्णालयात निधन झाल्याची बातमी लोकांच्या मोबाइलवर आली. अनेक घरांत पहिला प्रश्न ‘कोण अच्युत पोतदार?’ हाच होता. मग कुणी तरी छायाचित्र दाखवले आणि ‘अरे, हे होय!’ असा उद्गार निघाला. चार दशके घराघरांत येऊन गेलेल्या माणसाचे नाव असे त्याच्या निधनाच्या बातमीतून कळावे, याची आपल्याला फारशी लाजही वाटत नाही. त्याच आठवड्यात, २२ ऑगस्टला, ते ९१ वर्षांचे झाले असते.

ज्या प्रसंगाने ते नव्या पिढीला ठाऊक झाले तो पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखा आहे. ‘थ्री इडियट्स’मधला अभियांत्रिकीचा वर्ग. यंत्राची व्याख्या विचारली जाते, रँचो आपल्या सोप्या भाषेत ती सांगतो आणि वर्गाबाहेर काढला जातो. विसरलेली वस्तू घ्यायला तो परत येतो आणि ‘पुस्तके’ म्हणायच्या ऐवजी पुस्तकाची लांबलचक पुस्तकी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतो. त्यावर सरांचे ते चार शब्द: ‘कहना क्या चाहते हो?’ या ठिकाणी दुसऱ्या कुणी डोळे वटारले असते, हात नाचवले असते, हशा वसूल केला असता. पोतदार यातले काही करत नाहीत. ते खरोखर बुचकळ्यात पडतात. खलनायकी नाही, विदूषकीही नाही. पोर्शन संपवायचा आहे आणि हे पोरगे वेळ खाते आहे, एवढाच त्या चेहऱ्यावरचा वैताग. म्हणून तर ते वाक्य चित्रपटातून बाहेर पडून हाफिसांतल्या मीटिंगांत, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांखाली जाऊन बसले. ते सर चित्रपटभर नुसते ‘सर’च राहतात, आणि तरी विसरले जात नाहीत.

फळ्यासमोरचा तो माणूस इतका खरा कसा वाटतो, याचे एक साधे उत्तर असे की तो कधी काळी खराच होता. पोतदारांचा जन्म १९३४ चा, जबलपूरचा, वाढले इंदूरला. अर्थशास्त्र शिकले आणि मध्य प्रदेशातल्या रीवा इथे प्राध्यापक झाले. मग लष्करात गेले आणि १९६७ मध्ये कॅप्टन म्हणून बाहेर पडले. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये २५ वर्षे नोकरी. कॅमेऱ्यासमोर ते आले ते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. या वयात आपल्याकडचा पापभीरू नोकरदार घराच्या हप्त्यांची बेरीज मांडत असतो.

इंदूरचा उल्लेख ओझरता सोडून चालणार नाही. होळकरांच्या काळापासून तिथे रुजलेल्या मराठी घरांत दोन्ही भाषा अंगणातल्या असतात. हिंदी पडद्याने मराठी नटांना वर्षानुवर्षे हवालदार, मोलकरीण आणि चाळीतला तात्या याच कप्प्यांत कोंबले, त्यात आपल्या उच्चारांचाही वाटा आहे हे मान्य करायला हवे. पोतदारांच्या हिंदीला तो वास नव्हता. त्यामुळे ते प्राध्यापक होऊ शकले, मोठ्या घरातले वडीलधारे होऊ शकले, आणि मराठी बाप व्हायची वेळ आली तेव्हा तोही बेमालूम झाले.

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ १९८० चा. तेंडुलकरांचे लेखन, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, स्मिता पाटील, अमरीश पुरी, मोहन आगाशे अशी माणसे. पोतदारांची सुरुवातीची ओळख याच चित्रपटातली. पुढे ‘अर्धसत्य’, ‘तेजाब’, ‘परिंदा’, ‘वास्तव’, ‘परिणीता’. दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ आणि ‘वागले की दुनिया’. सव्वाशेच्या वर चित्रपट, शंभराच्या जवळ मालिका, शिवाय नाटके आणि जाहिराती. यादी आणखी वाढवता येईल, पण याद्यांनी अशा नटाचे काही कळत नाही. त्यापेक्षा ‘रंगीला’तले जोशींचे घर आठवावे. मुलीला सिनेमात जायचे आहे, आणि रीमा लागू व पोतदार तिचे आईवडील आहेत. रामगोपाल वर्मांना तिथे एक असे घर हवे होते की ज्यातून स्वप्न बघणारी मुलगी बाहेर पडते आणि ज्यात ती परत येते. ते घर या दोघांनी नुसत्या वावरण्यातून उभे केले. १९९५ सालच्या त्या चित्रपटातले कपडे आणि गाणी सगळ्यांना आठवतात. घर कुणाला आठवत नाही. ते घरासारखेच वाटते, म्हणून.

अशा नटांना ‘चरित्र अभिनेता’ म्हणायची रीत हिंदीने पाडली आणि आपण ती उचलली. शब्द मोठा चमत्कारिक आहे. चरित्र यांना, म्हणजे नायकाला ते नसते असे समजायचे की काय? पण पोतदारांपुरता तो शब्द अगदी चपखल बसतो. कारण अभिनयाच्या आधी त्यांच्यापाशी एक अख्खे जगून झालेले चरित्र होते.

आणि ते ‘नोकरी सांभाळून’ या आपल्याकडच्या जुन्या, थोड्या कुचेष्टेने उच्चारल्या जाणाऱ्या शब्दप्रयोगाचे चरित्र होते. सिनेमातल्या यशाची लाडकी गोष्ट ठरलेली आहे: सगळे सोडून मुंबई गाठली, फलाटावर झोपलो, वडापाववर दिवस काढले. पोतदारांनी काहीच सोडले नाही. हाफिसातून निघून तालमीला, उरलेल्या किरकोळ रजांवर शूटिंग, आणि १९९२ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी रीतसर निवृत्ती. ‘रंगीला’ त्यानंतर तीन वर्षांनी आला. या वाटेने गेलेले ते एकटे नव्हेत. ‘आक्रोश’मधलेच अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात कित्येक वर्षे खर्डेघाशी करत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, अशोक सराफ स्टेट बँकेत. श्रीनिवास वागले साकारणारे अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत. निळू फुले तर पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा, बँकांची आणि कंपन्यांची नाट्यमंडळे, सहा वाजता सुटणारे हाफिस आणि साडेसहाची तालीम यांवर मराठी रंगभूमीची निम्मी पलटण पोसली गेली. बदलीचा आदेश रद्द करून घेण्यासाठी साहेबांना प्रयोगाचे पास देणारे नट त्या काळी जागोजागी असत. त्यांच्यावर कुणी कधी लिहायला हवे.

नोकरीने या माणसांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे माणसे. टेबलापलीकडे उभा राहणारा, साहेबापुढे आवाज बदलणारा, निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून अवघडलेला माणूस त्यांना कार्यशाळेत शिकावा लागला नाही. ‘वागले की दुनिया’तल्या छोट्याशा जगात अंजन श्रीवास्तव आणि त्यांच्याभोवतीची मंडळी इतकी सहज दिसतात याचे हेच कारण. दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे, आणि म्हणून तिच्याबद्दल कमी बोलले जाते. २५ वर्षांच्या नोकरीची पुंजी गाठीशी असलेला नट दोन मिनिटांची भूमिका दोन मिनिटांचीच ठेवू शकतो. त्याला फुटेज ओढायचे नसते, पुढचे काम या कामात शोधायचे नसते. पोतदारांच्या अभिनयात जो निवांतपणा दिसतो तो प्रतिभेचा आहेच. पण त्यात पहिल्या तारखेला होणाऱ्या पगाराचाही हिस्सा आहे, असे म्हटल्याने त्यांच्या कलेचा काही अपमान होत नाही.

या पुंजीचे मोल कळायला २०२० साल आठवावे लागते. करोनाच्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण ६५ वर्षांवरच्या कलाकारांना आणि तंत्रज्ञांना सेटवर येऊ द्यायचे नाही, या अटीवर. दुकानात ६५ वर्षांच्या माणसाने बसलेले चालत होते, सेटवर नाही. मुंबई उच्च न्यायालयात ज्यांनी दाद मागितली त्यांत एक सत्तरीचे नट होते. चाळीस वर्षे छोट्या भूमिका करत आलेले, आणि दुसरे उत्पन्न नाही, असे सांगणारे. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ती अट रद्द केली. त्याच वर्षी मार्चमध्ये झी मराठीवर ‘माझा होशील ना’ सुरू झाली होती आणि तिच्यात पोतदार आप्पा झाले होते. वय ८५. नियम दोघांना सारखाच लागू होता. फरक एवढाच की एकाच्या घरात त्याने चूल अडत होती.

आज नोकरी सांभाळून नट होणे कसे जमावे? नोकऱ्याच कंत्राटी झाल्या. सहाला सुटणारे हाफिस राहिले नाही. मालिकेचे शूटिंग घोडबंदर रस्त्यावरच्या नाही तर मढच्या सेटवर दिवसाचे बारा तास चालते, आणि छोट्या कलाकाराचे ‘पर डे’चे पैसे नव्वद दिवसांनी हाती येतात. म्हणजे पूर्ण वेळ तिथेच द्यायचा आणि पैशांची वाट मात्र अर्धवेळ नोकरदारासारखी पाहायची. उलट सगळे सोडून आलेल्या मुलाला आज पहिला प्रश्न विचारला जातो तो फॉलोअर किती, हा. मग पडद्यावरचे प्राध्यापक, कारकून, पोस्टमन आणि शेजारचे काका पंचवीस वर्षांचे, जिममध्ये घोटलेले आणि पांढरी केलेली दाढी लावलेले दिसू लागले तर नवल नाही. त्यांच्या नावांचे म्हणाल तर चित्रपटगृहात श्रेयनामावली सुरू होताच दिवे लागतात, आणि घरच्या पडद्यावर ती एका बोटाने पुढे ढकलता येते.

रीव्याच्या वर्गात पोतदार सरांसमोर बसून ज्यांनी अर्थशास्त्र गिरवले ती मुले आज ऐंशी ओलांडून गेली असतील. त्यांच्यापैकी कुणी २००९ मध्ये नातवंडांसोबत तो यंत्राचा तास पाहिला असेल, तर पडद्यावरचे सर त्याला किती ओळखीचे वाटले, हे कुणी तरी वेळेवर विचारून ठेवायला हवे होते.